पाणी न लागणारी गाडी

माझ्या नातवाने लातूरच्या शोरूममधून जर्मन कंपनीची गाडी घेतली आणि पहिल्यांदा मला दाखवायला गावी आणली. त्याची आई मात्र त्याच दिवशी एसटीने आली. ती त्या गाडीत बसायला तयार नव्हती.

त्याची आई म्हणजे माझ्या धाकट्या जावेची मुलगी. जाऊ बाळंतपणात गेली आणि मी पोरीला वाढवलं. ती मला आईच म्हणायची. लातूरला सरकारी दवाखान्यात नर्स आहे.

"ह्याच कंपनीच्या गाडीनं माझी आई मारली," ती दारातच म्हणाली. "तुला फिरायचं तर फिर बाबा तीत."

नातू हसला. "पन्नास वर्षांपूर्वीची गाडी ती. जगात नाव हाय ह्या कंपनीचं."

"हाव, नाव हाय. धुराच्या तपासणीत लबाडी केली म्हणून पेपरात आलंतं, तेच नाव ना?"

"केली, मग कबूल पण केली की. दंड भरला."

"पकडल्यावर कबूल केली. आधी का न्हाई केली?"

मी ओसरीवर शेंगा फोडत होते. मला तर कुणी पकडलंही नव्हतं. मी म्हणाले, "बस खाली. त्या गाडीनं तुझ्या आईला मारलं न्हाई." आणि तिला जे सांगितलं तेच आता इथे लिहिते. मी चौथी शिकले आहे, वाचायची सवय आहे, लिहायची नाही.

बहात्तरचा दुष्काळ होता. आमचं गाव अहमदपूरपासून नांदेडच्या बाजूला, रस्त्याला लागून. रस्त्यावर आधी आमची वस्ती, मग वर गाव. आम्ही बौद्ध झालो त्याला सोळा वर्षं झाली होती. देव गेले, नवस गेले, पण वरच्या विहिरीवर आमची घागर चालत नव्हती. आमची विहीर त्या साली आटली. टँकर दोन दिवसांनी यायचा, आधी वर जायचा आणि उरलेलं पाणी घेऊन आमच्याकडे यायचा.

आम्ही सगळे तलावाच्या कामावर होतो. मी आणि जाऊ खडी फोडायचो. ती मला आक्का म्हणायची. तिचा हात माझ्यापेक्षा जलद होता आणि तोंड त्याहून जलद. पोटात सातवा महिना असतानाही ती मुकादमाची नक्कल करायची आणि मुकादम मागे उभा असला तरी थांबायची नाही.

कामावरच्या साहेबाची जीप तापायची. एकदा ती आमच्या वस्तीसमोर थांबली, पुढून वाफ निघत होती. मी घागर घेऊन पळत गेले. ड्रायव्हर म्हणाला, "नको नको, जीपला पाणी लागत न्हाई." आणि तशीच वाफ सोडत जीप वर नेली. तिथे विहिरीवर थांबून त्याने फडक्याने पुढचं गोल झाकण उघडलं आणि दोन बादल्या ओतल्या. मी खालून बघत होते. जाऊ म्हणाली, "आक्का, जीपचीबी जात वरची हाय गं." आम्ही हसलो. दुसरं काय करणार होतो?

कामावर लस टोचायला अहमदपूरहून एक डॉक्टर यायचे. त्यांच्याकडे हैदराबादच्या कुणाकडून घेतलेली जुनी जर्मन गाडी होती. पाठ गोल, रंग उडालेला हिरवा. लोक तिला कासव म्हणायचे. रांगेतली माणसं सुईला भिऊ नयेत म्हणून डॉक्टर टोचता टोचता गाडीची गोष्ट सांगायचे. त्या देशात एक हुकूमशहा होता. त्याने लोकांना सांगितलं, दर आठवड्याला थोडं थोडं साठवा, तुम्हाला गाडी देतो. लोकांनी साठवलं. मग लढाई लागली, कारखान्यात लढाईचं सामान व्हायला लागलं आणि गाडी कुणालाच मिळाली नाही. परमुलखातली माणसं धरून आणून त्यांच्याकडून तिथे काम करून घेतलं.

"धरून आणलेली म्हंजी आपल्यासारखीच, खडी फोडायला?" जावेने विचारलं.

"आपल्याला खायला सुकडी तरी मिळते," डॉक्टर म्हणाले आणि तिच्या दंडात सुई टोचली.

पुढे ते सांगायचे की बॉम्ब पडून कारखान्याचं छप्पर गेलं. लढाई संपल्यावर अर्धपोटी कामगारांनी त्याच पडक्या जागेत गाड्या जोडल्या. मग ती गाडी जगभर गेली. कुठे वाळवंटात, कुठे बर्फात, आणि म्हणे बंद पडत नाही. "माझी पण अजून एकदाही पडलेली नाही," असं ते प्रत्येक वेळी म्हणायचे. लोकांनाही ते पाठ झालं होतं. कुणाचं काम अडलं नाही की म्हणायचे, डॉक्टरच्या गाडीसारखं चाललं.

जावेच्या कळा सुरू झाल्या त्याला दीड दिवस झाला तेव्हा सुईण म्हणाली, माझ्या हातात काही नाही. माझा दीर सायकलवर अहमदपूरला गेला आणि दुपारी डॉक्टरांच्या गाडीत बसून आला. गाडी आमच्या वस्तीत, अगदी आमच्या दारात उभी राहिली. त्याआधी आमच्या दारात कोणाचीच गाडी आली नव्हती.

डॉक्टरांनी गाडीचं पुढचं झाकण उचललं, तिथून औषधांची पेटी काढली आणि झाकण तसंच उघडं ठेवून आत आले. मी तांब्या पुढे केला. "नको नको, आधी बाई कुठंय?" ते म्हणाले.

आत बघून ते दिराला म्हणाले, "इथे होणार नाही. पोट चिरावं लागेल. नांदेडला न्यायचं. पाच मिनिटांत निघू." मग ते सुई भरू लागले. मी दारातून विचारलं, "डॉक्टरसाहेब, गाडीत पाणी टाकू का? लांब जायचंय."

मागे न बघता ते म्हणाले, "हिला पाणी लागत नाही, बाई."

जीपच्या ड्रायव्हरचेच शब्द होते. मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस, इतक्या गोष्टी सांगतो, पण हाही तसलाच निघाला. स्वतःलाही आमचं पाणी नको आणि गाडीलाही नको. वर जाऊन विहिरीवर थांबतील, आणि जाऊ इथे कण्हत राहील. माझ्या डोक्यात राग गेला. रांजणात दीड घागर पाणी होतं, उद्या संध्याकाळपर्यंत पुरवायचं. त्यातले दोन तांबे घेतले आणि बाहेर गेले. उघड्या झाकणाखाली गोल टोपण होतं, जीपला होतं तसंच. पदराने धरून उघडलं, ओतलं, टोपण लावलं. उग्र वास आला. म्हटलं, मोटारीला वास असायचाच. कुणी बघितलं नाही. आमचं पाणी घेऊन जाईल आता गाडी, असं मला वाटलं आणि बरं वाटलं.

जावेला मागे निजवलं, डोकं माझ्या मांडीवर. दीर पुढे बसला. गाडी निघाली. वरच्या विहिरीकडे डॉक्टरांनी बघितलंसुद्धा नाही, ते सरळ रस्त्याला लागले. जाऊ मला म्हणाली, "आक्का, मोटारीत बसले बघ मी." तिचे ओठ पांढरे पडले होते.

दोन-तीन मैल गेलो असू. गाडी ठसकली, परत चालली, परत ठसकली आणि थांबली. डॉक्टर उतरले. मला वाटलं पुढे जातील. ते मागे गेले आणि मागचं झाकण उघडलं. इंजिन मागे होतं.

इंजिन मागे, तर मी पाणी कुठे ओतलं? नेमकं कुठे ते मला कळलं नाही. पण नको तिथे ओतलं, एवढं कळलं.

तेव्हा बोलायला हवं होतं. नुसतं एवढं म्हणायचं होतं, "साहेब, मी पुढच्या टोपणात पाणी टाकलं." मी बोलले नाही. दीर समोर होता. त्याची बायको माझ्या मांडीवर होती. डॉक्टर तारा काढत होते, पुसत होते, परत लावत होते. "असं कधीच होत नाही हिचं," ते म्हणत होते. दीर धक्का मारत होता. अर्धा तास गेला, जास्तही असेल.

मग डॉक्टरांनी घाम पुसला, माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बाई, पाणी आहे का?" मी सोबत घेतलेला तांब्या दिला. त्यांनी तोंड लावून अर्धा तांब्या प्यायला आणि परत दिला. मला त्या वेळी मरण आलं असतं तरी चाललं असतं.

दीर बैलगाडी बघायला पळाला. तेवढ्यात जावेला झटके आले. रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली मी लुगडं आडवं धरलं आणि डॉक्टरांनी पोरगी ओढून काढली. पोरगी रडली. जावेचं रक्त थांबलं नाही. बैलगाडी आली तेव्हा ती गेली होती.

चार दिवसांनी डॉक्टर पोरीला बघायला आले, एसटीने. दुधाची भुकटी आणली होती. दिराला म्हणाले, "पुढच्या पेट्रोलच्या टाकीत पाणी निघालं. मिस्त्री म्हणतो पाच मिनिटांचं काम होतं. टाकी खालून मोकळी केली असती तर गाडी चालली असती. हिचं इंजिन वाऱ्यावरच थंड होतं, हिला पाणी लागतच नाही. मला काय माहीत टाकीत पाणी असेल म्हणून?"

दीर म्हणाला, "पंपावर भेसळ करून राहिलेत साले."

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "असेल." त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

पण गाव काही पंपाला बोललं नाही, गाडीला बोललं. बंद न पडणारी गाडी बाईला घेऊन बंद पडली. कासव म्हणायचे ते मढ्याची गाडी म्हणायला लागले. आजारी माणूस त्या गाडीत बसायला तयार होईना. मग लोक म्हणायला लागले की डॉक्टरच्या हातालाच यश नाही. डॉक्टर आणखी काही वर्षं राहिले आणि अहमदपूर सोडून गेले. कुठे गेले ते मी विचारलं नाही.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा अहमदपूरला सभा झाली. पोरगी तेव्हा नऊ-दहा वर्षांची, माझ्याजवळ बसलेली. एक पुढारी माइकवर ओरडला, "जिल्ह्याचं ठिकाण लांब, दवाखाना लांब, म्हणून आमची एक भगिनी रस्त्यात मेली! परदेशी गाडी सुद्धा तिला वाचवू शकली नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरीने मला विचारलं, "माझी आई का गं?" मी म्हणाले, "हाव." तिने विचारलं, "गाडी कशानं बंद पडली?" मी म्हणाले, "खराब होती."

डॉक्टरांचं नाव पुन्हा कधी कोणी काढलं नाही. दीर दुसरं लग्न न करता गेला. त्यालाही मी सांगितलं नाही.

हे सगळं सांगून झालं तेव्हा नातू उठून बाहेर गेला होता. पोरगी बसून होती. तिने आधी नर्ससारखं विचारलं. कळा किती वेळ होत्या, झटके किती आले, रक्त कसं होतं. मी आठवेल तसं सांगितलं.

"नांदेडपर्यंत ती टिकली असती का, हे मी सांगू शकत न्हाई," ती म्हणाली. "न्हाई बी टिकली असती."

मी म्हणाले, "टिकली बी असती."

"हाव. टिकली बी असती." मग म्हणाली, "पाणी ओतलं, त्याचं मी तुला काही म्हणत न्हाई. त्या जीपवाल्यानं तुला तसं शिकवलं. पण अर्धा तास तू गप बसलीस?"

"बसले."

"आणि सभेत मला गाडी खराब होती म्हणालीस."

"म्हणाले."

ती एसटीने लातूरला गेली. नातू रिकामी गाडी घेऊन गेला. तीन आठवडे तिचा फोन आला नाही. मीही केला नाही.

मग एका रविवारी ती आली, त्याच जर्मन गाडीत पुढे बसून. मला म्हणाली, "चल, जागा दाखव." आम्ही नांदेडच्या रस्त्याला लागलो. रस्ता रुंद झाला आहे, जुनी झाडं तोडली आहेत. मी अंदाजाने एका ठिकाणी थांबवलं. तिथे लिंब नव्हता. ती उतरून उभी राहिली. गाड्या जात होत्या. तिने काही वाहिलं नाही, हात जोडले नाहीत. परत येऊन बसली आणि दार लावून घेतलं.

येताना म्हणाली, "तो डॉक्टर जिवंत नसंल. पण त्याच्या बाजूनं कुणीच काही बोललं न्हाई. मी बी जन्मभर त्याच्या गाडीला शिव्या दिल्या. तू हे लिहून काढ."

"मला कुठं लिहिता येतं?"

"चौथी शिकलीस ना? येईल तसं लिही, मोठी आई."

जन्मापासून ती मला आई म्हणत होती. त्या दिवसापासून मोठी आई म्हणते. थोरल्या चुलतीला मोठी आईच म्हणतात. तिचं बरोबर आहे.