मास्तरांच्या पिकअपचे मोठे टायर

काय सांगू आणि कुठून सांगू! ही फजिती तुमच्यापुढे मांडावी की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी म्हटलं, चहा ओतलाच आहे, तर सांगून टाकू. तुम्ही हसणार हे नक्की. हसा. फक्त अर्ध्यातून उठून जाऊ नका.

निवृत्त झाल्यावर मी पुण्यातलं बिऱ्हाड मोडून चिंचवडला राहायला आलो. जन्मभर कॉलेजात गणित शिकवलं. पत्नी आधीच गेलेली, मुलगा कलकत्त्याला. सोबतीला पेरूची अकरा झाडं. पेरू बाजारात न्यायला हवेत म्हणून लष्कराच्या लिलावातून एक जुनी पिकअप घेतली. पेरू पोपटांनी खाल्ले. पिकअप उरली.

पण या पिकअपनेच मला माणसं दिली. शनिवारी चाकणचा बाजार. शेजारचे शेतकरी बाबूराव एकदा म्हणाले, "मास्तर, रिकामी गाडी घिऊन फिरता, आमाला तरी न्या की!" (मी प्रोफेसर होतो. पण 'मास्तर' ऐकायला बरं वाटलं.) तेव्हापासून दर शनिवारी मागे सहा माणसं, वांग्यांची पोती, एखादी शेळी, आणि पुढे माझ्याशेजारी बाबूरावांची थोरली बहीण, सखूआक्का. जाता-येता नुसतं बोलणं! उरलेले सहा दिवस मी कोणाशी बोलायचो? पोपटांशी. तेही तोंडात पेरू असल्यामुळे उत्तर देत नसत.

एका शनिवारी मोशीच्या अलीकडे गाडीचं पोट दगडावर आपटलं. सगळे उतरले, ढकललं, पुन्हा बसले. बाबूराव सहज म्हणाले, "मास्तर, गाडी बुटकी हाय तुमची. त्यापरीस सर्व्हिस मोटार बरी."

सहज म्हणाले हो! पण मी घरी येईपर्यंत तेच घोकत बसलो. ही मंडळी तिकीट काढून सर्व्हिस मोटारीने जायला लागली, तर माझा शनिवार गेला. शनिवार गेला, तर आठवड्यात उरलं काय?

उपाय एकच. मोठे टायर! पिंपरीला निर्वासितांच्या वसाहतीत एक सिंधी शेठ लष्करी टायर विकायचे.

"साईं, सहाशे मापाचे काढा, साडेसातशे मापाचे घाला. रिम तीच, सोळा इंची. गाडी हत्तीसारखी दिसेल!"

"पण टायर वर मडगार्डला घासणार नाही ना?"

"आप तो पढेलिखे आदमी! मोजून या ना, साईं."

मोजून या! हे कोणाला सांगता? मी अंगणात गाडीखाली आडवा झालो. एकदा मोजलं. विश्वास बसेना म्हणून आणखी पाचदा मोजलं. टायर आणि मडगार्ड यांच्यात चार इंच मोकळे. मोठा टायर पावणेदोन इंच वर येणार. उरले सव्वादोन. ताळा केला. ताळ्याचाही ताळा केला. मगच टायर बसवले.

पिंपरीहून एकटाच घरी आलो. गाडी काय चालली म्हणता! दगड नाही, धोंडा नाही! मी स्वतःलाच मोठ्याने "शाबास" म्हणालो. ऐकायला दुसरं कोणी नव्हतंच.

शनिवार उजाडला. मंडळी चढली. "मास्तर, माडीवर बसल्यावानी वाटतंय!" मी फुगलो. गाडी निघाली आणि पहिल्याच खड्ड्याला मागून आवाज आला. खर्रर्र! पाठोपाठ जळक्या रबराचा वास.

"आग! आग!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे धपाधप खाली.

मी उतरून पाहतो तो टायरच्या वर चांगली मोकळी जागा! एकट्यानेच गाडी थोडी पुढे नेली. आवाज नाही. सगळे बसले. खर्रर्र!

आता एखाद्या अडाण्याने सरळ पुन्हा वाकून पाहिलं असतं. मी पडलो शिकलेला. म्हटलं, एकेक गोष्ट वगळून दोष शोधावा. वांगी उतरवली. खर्रर्र! शेळी उतरवली. खर्रर्र! मग मी अत्यंत अदबीने म्हणालो, "आक्का, जरा तुम्ही उतरून बघता का?"

खाली उभी शेळी नेमकी तेव्हाच ओरडली.

"म्या?" आक्कांनी बसल्या जागी कमरेवर हात ठेवले. "वांग्यामागनं शेळी, शेळीमागनं आक्का! असं लिवलंय व्हय तुमच्या पुस्तकात?"

"तसं नाही हो, ही शास्त्रीय पद्धत आहे..."

"चुलीत घाला ती पद्धत!"

आणि माझं दुर्दैव पाहा! आक्का उतरल्या आणि आवाज खरोखरच कमी झाला. मागची माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. आक्कांनी माझ्याकडे पाठ फिरवली.

शेवटी बाबूरावांनी सगळ्यांना जागेवर बसवलं आणि स्वतः वाकून टायरच्या वर हात घातला. बोट शिरेना.

"मास्तर, तुमी मोजलं तवा गाडीत कोण हुतं?"

"कोणीच नाही."

"मग! माणसं बसली की खालचे स्प्रिंगचे पाटे दबत्यात, गाडी खाली बसती. आमच्या बैलाला बी कळतंय हे!"

मी खिशातला कागद काढला. माझ्या कागदावर इंच होते, पाव इंच होते, माणसं तेवढी नव्हती. आणि मोजताना हाक मारून गाडीत बसवायला घरात होतं तरी कोण?

मागून एक बैलगाडी आली. मंडळी, वांगी, शेळी सगळी तिच्यातून चाकणला गेली. मी ती हत्तीसारखी गाडी घेऊन एकटा घरी. वाटेत एकदाही आवाज आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी बाबूरावांच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, "जुनेच टायर परत घालतो. पण त्याआधी एकदा भरल्या गाडीचं माप घ्यायला हवं. मंडळी येऊन बसतील का? गाडी हलवणार नाही, शपथ."

आले हो सगळे! आक्कासुद्धा. रागाने फुगलेल्या, पण पदराखाली भाजलेल्या शेंगा. माझ्या अंगणात उभ्या गाडीत माणसं बसली, शेंगा फोडल्या, कोणाच्या सुनेपासून कोणाच्या विहिरीपर्यंत सगळं बोलून झालं. मी खाली पट्टी घेऊन आडवा. दिवस मावळायला आला, तेव्हा म्हणालो, "आकड्याची खात्री वाटत नाही. उद्या पुन्हा बसावं लागेल."

दुसऱ्या दिवशीही खात्री वाटली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी तर मला फारच शंका आली.

पाचव्या दिवशी आक्का गाडीतून उतरल्या, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि गाडीखाली माझ्या हाताकडे पाहू लागल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "आमी उद्या बी येऊ, परवा बी येऊ. पर ती पट्टी तरी सुलटी धरा!"