लांब हौद्याची गाडी

रत्नागिरीत ज्याला त्याला पिकअप हवी असते, आणि का हवी म्हणून विचारलं तर उत्तरही तयार असतं. मिरकरवाड्याहून बर्फ नि मासळी वाहणाऱ्यांचं मला कळतं, त्यांचं पोटच त्यावर आहे. आंबेवाल्यांचंही कळतं. पण आमच्या गावचे एक गृहस्थ मुंबईची नोकरी संपवून कायमचे घरी आले आणि त्यांनी शोरूममधली सगळ्यात दांडगी पिकअप आणून उभी केली. तिच्यातून आजवर शेणखताची एक फेरी आणि एक लोखंडी कपाट एवढंच वाहिलं गेलं आहे. उभा जन्म चाळीतल्या एका खोलीत काढलेल्या माणसाला आपल्या मालकीचं काहीतरी ऐसपैस हवं असणार, असं मी आपलं मनात म्हणते. दुसरे एक कंत्राटदार आहेत. त्यांना उंच बसायला मिळतं म्हणून पिकअप आवडते. मुळात त्यांची उंची बेताची आहे, पण मी शाळेत शिकवणारी बाई असल्यामुळे हे चारचौघांत बोलत नाही.

गाडी घेणारा माणूस सांगतो ते कारण एक असतं आणि मनात असतं ते दुसरंच, हे मी माझ्याच घरात शिकले.

आमचे हे रत्नागिरीत एका कचेरीत कारकून होते. निवृत्त झाले आणि तीन-चार महिन्यांत म्हणाले की पिकअप घ्यायची. मला वाटलं चेष्टा करताहेत. आमची जमीन ती केवढी, घरामागे थोडी कलमं, खाली भाताचे दोन-तीन कुणगे, म्हणजे लहान खाचरं. आंबा निघतो तो नातेवाइकांना पुरता पुरत नाही. मी म्हटलं, अहो, छोटी चारचाकी घ्या, मलाही शाळेत सोडाल, चार ठिकाणी जाता येईल. यावर त्यांनी नुसती मान हलवली. यांची मान हलली की समजायचं, आपलं बोलणं वाया गेलं.

शोरूमला मी सोबत गेले होते. तिथला विक्रेता मुलगा एव्हरेज सांगत होता, हप्ते सांगत होता, आणि हे खिशातून मोजपट्टी काढून एकेका गाडीचा हौदा मोजत होते. हौदा म्हणजे मागचा सामान भरायचा उघडा भाग. आतून मोजायचे, तेही फक्त लांबी. त्या मुलाने शेवटी विचारलं, काका, माल कोणता भरणार? हे म्हणाले, बघू. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यात लांब हौद्याची जी गाडी होती ती त्यांनी पसंत केली आणि रंगसुद्धा विचारला नाही.

गाडी गावात आली आणि वाडीला बोलायला विषय मिळाला. आमचं घर रस्त्यापासून खाली आहे. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी उतरून यावं लागतं, त्यामुळे गाडी वर, पाखाडीच्या तोंडाशी उभी असायची. येणाराजाणारा तिला बघायचा आणि खाली येऊन यांना काहीतरी काम सांगायचा. इथून खरी गंमत सुरू झाली. चिरे आणायचे आहेत म्हटलं की हे नाही म्हणायचे, हौदा चेपतो. मासळीला तर साफच नकार, वास जात नाही. सिमेंट नको, धूळ बसते. आंब्याच्या पेट्या चालायच्या, गणपती चालायचे, लग्नाची भांडी चालायची, पण संध्याकाळच्या आत हौदा रिकामा करून धुऊन ठेवायचा. शिमग्याला माझ्या भावाने सुरमई आणायला गाडी मागितली तेव्हा त्यालाही यांनी एसटी दाखवली. चिरे नेत नाही नि मासे नेत नाही अशी पिकअप कोकणात दुसरी नसेल. वाडीतले लोक तिला नवरी म्हणायला लागले. मीही म्हणायचे. सवतीला आंघोळ घातलीत का, असं मी रोज संध्याकाळी विचारायचे आणि हे गालातल्या गालात हसून बादली घेऊन वर जायचे.

सीटच्या मागे एक गादी गुंडाळून ठेवलेली होती. माल घासू नये म्हणून, असं म्हणाले. हौद्यावर लोखंडी कमानी बसवून ताडपत्रीची सोय केली होती. गाडीचं तोंड कायम रत्नागिरीच्या दिशेला. कुठून कितीही दमून आले तरी आधी गाडी वळवून लावायची आणि मग खाली यायचं. मला वाटायचं, निवृत्त माणसाची एकेक खोड.

मग एकदा श्रावणात शेजारच्या बौद्धवाडीतले गुरुजी गोठ्यात पाय घसरून पडले. मी नोकरीला लागले तेव्हा तेच आमचे मुख्याध्यापक होते. कमरेत मार बसला, एक पाय त्यांना हलवता येईना. निरोप आला तसे हे जेवणावरून उठले. मीही मागोमाग गेले. त्यांनी हौद्याचा मागचा फाळका उघडला, गादी पसरली, तीवर धुतलेली चादर घातली. चार जणांनी गुरुजींना उचलून आत ठेवलं. गुरुजी तसे भिडस्त. दुखत असतानाही त्यांनी चांगला पाय पोटाशी घेतला होता, माझ्यासाठी आणि त्यांच्या मुलीसाठी जागा राहावी म्हणून. तेव्हा हे हौद्यात चढले, त्यांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "गुरुजी, पाय लांब करा. जागा हाय."

गुरुजींनी पाय लांब केला. यांनी तो दोन्ही हातांनी हळूच सरळ केला आणि टाचेखाली उशी सरकवली. मग खाली उतरून गाडी सुरू केली. मी गुरुजींचं डोकं धरून बसले होते, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गुरुजींच्या मुलीला वाटलं मला तिच्या वडिलांसाठी रडू येतंय. मला सासूबाईंची रिक्षा आठवली होती.

सासूबाई गेल्या त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. भात कापणीचे दिवस होते. दुपारी अंगणातल्या खळ्यात झोडणी चालली होती. सासूबाई सूप घेऊन बसल्या होत्या, त्यांनी सूप खाली ठेवलं आणि छातीवर हात धरला. घामाने पातळ भिजलं. आमच्या वाडीत कोणी आजारी पडलं की पहिली हाक रिक्षाची. भावकीतल्या एकाची रिक्षा वर पाखाडीशी उभीच असते, आणि ती उभी असताना बाहेरची गाडी बघितली तर वर्षभर बोलणं ऐकावं लागतं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना वर नेलं. रिक्षाच्या मागच्या सीटवर हे एका टोकाला बसले, सासूबाईंचं डोकं मांडीवर घेतलं. मी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी जेमतेम टेकले.

सासूबाई उंच होत्या. गावात एवढी उंच बाई दुसरी नव्हती. लग्नात त्यांना खाली वाकून हार घालून घ्यावा लागला होता म्हणे. रिक्षाच्या त्या सीटवर त्यांचे गुडघे पोटाशी आले होते. खड्डा आला की पाय समोरच्या दांडीवर आपटायचे. त्या कण्हत नव्हत्या, रडत नव्हत्या. एकच म्हणत होत्या, "पाय लांब करू दे रे, बाबू." हे म्हणायचे, "जरा कळ काढ, आये. पोचलोच." परत थोड्या वेळाने त्या तेच म्हणायच्या आणि हेही तेच. वाटेतला हातखंबा मागे पडला तेव्हा त्या म्हणायच्या थांबल्या. मला वाटलं झोप लागली. हॉस्पिटलात चादर ओढताना तिथल्या नर्सबाईंनी त्यांचे पाय सरळ केले. हे बाजूला उभे राहून बघत होते.

त्या प्रवासाबद्दल हे घरात कधी एक शब्द बोलले नव्हते. दिवस झाले, वर्षश्राद्ध झालं, मुंबईची माणसं आली नि गेली, पण नाही. मी समजत होते माणूस सावरला. तो माणूस खिशात मोजपट्टी घेऊन फिरत होता हे मला गुरुजींच्या दिवशी समजलं. मी त्यांना तसं काही बोलून दाखवलं नाही. नवरी म्हणायचं मात्र त्या दिवसापासून सोडलं.

पुढे या गाडीतून किती माणसं रत्नागिरीला गेली त्याचा हिशोब मी ठेवला नाही. अडलेल्या बाया गेल्या, साप चावलेला एक गडी गेला, गुरुजी दोनदा गेले. बहुतेक सगळी बरी होऊन परत आली. प्रत्येकाला हे फाळका लावण्याआधी तेच सांगायचे, पाय लांब करा, जागा हाय. लोकांना ती त्यांची बोलायची लकब वाटायची. पण एखादं माणूस पाय ताणून सुस्कारा सोडायचं तेव्हा यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. त्या रात्री जेवायचेही पोटभर. मला वाटायला लागलं होतं की थोडं थोडं करून हे ओझं एक दिवस उतरेल. कितीही वेळ लागो, उतरेल खरं.

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात शेजारच्या काकींना दम लागला. काकी आणि सासूबाई एका वयाच्या, एकाच सालात या वाडीत सुना म्हणून आलेल्या. यांना कळलं तसे हे धावत वर गेले. गादी पसरली, ताडपत्री बांधली, उशाला उंच हवं म्हणून घरातला लोडसुद्धा माझ्याकडून मागवून घेतला. तेवढ्यात रस्त्याने सरकारी रुग्णवाहिका आली. काकींची सून मुंबईहून सणाला आली होती, तिने कोणाला न विचारता फोन केला होता.

ही गाडी आम्हाला माहीत नव्हती असं नाही. हायवेवर अपघात झाला की दिसायची, तिचा फोन नंबरही तोंडपाठ. पण ती हायवेची, ती आपल्या आडगावात कशाला येतेय, हे वाडीत सगळ्यांनी धरूनच चाललेलं. कोणी कधी बोलावून बघितलं नव्हतं. आता ती यांच्या पिकअपला लागूनच उभी राहिली. काकींना खुर्चीतून वर आणलं तेव्हा उचलणारी माणसं दोन गाड्यांच्या मधे क्षणभर थांबली आणि यांच्याकडे बघायला लागली. हेच म्हणाले, तिकडे घ्या, तिकडे ऑक्सिजन आहे. स्ट्रेचर बाहेर आलं. काकींना त्यावर सरळ निजवलं, तोंडावर मास्क लावला. डॉक्टरबाई मागे बसल्या. सगळं इतकं झटपट झालं की आम्ही बघत राहिलो.

ड्रायव्हर मागचं दार लावत होता. हे त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी विचारलं, "तुमी हल्लीच यायला लागलात का हिकडं?"

"नाय हो," तो म्हणाला. "पयल्यापासून ह्याच रस्त्याला हाय मी. फोन आला की येतो."

तो चांगला माणूस होता, घाईतही नीट उत्तर दिलं. यांनी मान हलवली. रुग्णवाहिका गेली. माणसं पांगली. कोणीतरी जाता जाता म्हणालं की आता काकांना बरं झालं, दगदग वाचली. हे हौद्यात चढून गादीची गुंडाळी करायला लागले, पण ती नीट होईना. एकदा केली, सुटली. परत केली. मी खाली उभी राहून हात पुढे केला तरी त्यांनी ती माझ्याकडे दिली नाही. शेवटी तशीच टाकून खाली आले.

काकी वाचल्या. संध्याकाळीच फोन आला. मी देवाला साखर ठेवली आणि पडवीत जाऊन यांना सांगितलं. हे बाकावर बसले होते. बरं झालं म्हणाले आणि खरंच त्यांना बरं वाटलं होतं, त्यात काही खोट नव्हती. मी चहा दिला. तो तसाच हातात धरून ते समोरच्या खळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी फोन माझ्या खिशात व्हता."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो दिवस तोंडाने काढला होता, आणि मला त्यांना हात धरून तिथून बाहेर काढायचं होतं. मी म्हटलं, अहो, रिक्षा वर उभीच होती. सगळी वाडी जमली होती, मी होते, भावकी होती, शिकलेली माणसंही होती. कोणालाच सुचलं नाही.

त्यांनी चहा खाली ठेवला. आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणायचं ते विचारताना असतो तसा.

"बाकीच्यांना कशाला सुचंल?" ते म्हणाले. "आय माझी व्हती."