वानगीचं सूत

अमेरिकेत भावाभावांची लढाई जुंपली आणि तिचं पीक आमच्या वऱ्हाडात आलं. ते लोक तिकडे मरत होते तोवर इकडे कापसाला सोन्याचा भाव होता. सकाळी अंघोळ करून, हात जोडून, ‘लढाई चालू राहो’ म्हणणारी माणसं मी आमच्या गावात पाहिली आहेत. त्यांत माझे बाबा पहिले. अमेरिका कोणत्या दिशेला आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते अंदाजाने परतवाड्याकडे तोंड करून नमस्कार घालायचे.

आमचं गाव अमरावतीपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. पैसा आला तशा बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या, दमणीला नवं छत आलं, आणि बाबांना हिंडण्याची हौस सुटली. हौशीला त्यांनी शास्त्रही जोडलं. माणसाने प्रवासात तीन कामं करावीत, असं ते पारावर बसून सांगत. “आंधी डोयाचं, मंग जिभेचं, मंग घशाचं. काहीतरी अजब पाहा, तिथलं चांगलं ते खा, आन् तिथल्या कलालाची चाखून पाहा. मंग गाव समजते.” हा क्रम त्यांनी आयुष्यात एकदाही पाळला नाही. घसा नेहमी पहिला असे. डोळे उघडे राहिलेच तर अजब काही पाहिलं जाई.

त्या साली अकोल्याला सरकारी प्रदर्शन भरायचं ठरलं. गावोगाव दवंडी फिरली की वऱ्हाडात जे जे उत्तम होतं ते आणून द्या, साहेब ते काचेत ठेवील. लोकांनी प्रदर्शनाचं नाव लगेच बदलून ‘अजबखाना’ केलं. बाबांनी दमणी जुंपायला सांगितली. सोबत त्यांचे अमरावतीचे दोस्त आले. त्यांचं कापडाचं दुकान होतं, मी त्यांना चाचा म्हणत असे. चाचा दारूला शिवत नसत, पण खाण्याच्या बाबतीत त्यांच्या जिभेला दोन जिल्ह्यांत तोड नव्हती. त्यामुळे दोघांचं चांगलं जमायचं: घसा बाबांकडे, जीभ चाचांकडे. डोळे माझ्याकडे आले, कारण मी अमरावतीला एका अडत्याकडे चिठ्ठ्या लिहीत होतो, आणि काचेवर काय लिहिलंय ते वाचणारा कुणीतरी हवा होता. माझं वय बावीस होतं. आपण फार शहाणे आहोत अशी माझी पक्की समजूत होती.

निघायच्या आदल्या दिवशी मायने मला आत बोलावलं.

मायचं माहेर रिद्धपूरचं, महानुभावांचं. मांस नाही, दारू नाही, आणि रिकामा हात तर नाहीच. लग्न होऊन आली तेव्हा तिने सोबत चरखा आणला होता, आणि तिच्या सुताला आमच्या पंचक्रोशीत नाव होतं. तेजी आली तसा बाबांनी तो चरखा माळ्यावर टाकला. कापूस इतका महाग झाला होता की घरात कातणं म्हणजे उधळपट्टी. बोंडाबोंडाला बाजार होता. अंगावरची लुगडी विलायती आली.  मायने वेचणीच्या वेळी बनी कापसाचा, लांब धाग्याचा, एक गाठोडंभर कापूस ओच्यात लपवून आणला, चरखा गुपचूप खाली काढला, आणि चार महिने बाबा पारावर गेले की कातत बसली. त्यातून तयार झाली एक लडी, हाताच्या पंजावर मावेल एवढी. धागा इतका बारीक की उजेडात धरल्याशिवाय दिसत नव्हता.

ती लडी तिने धुतलेल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

“काचेत ठेवतेत म्हने,” ती म्हणाली. “मले बक्षीस नाई पायजे. आता कोनी कातत नाई, पुढं कोनी कातनार नाई. माह्या हातचं एवढं तरी कुठं राहो. तुह्या बापाच्या हाती देऊ नको.”

“नाही देत,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्यालाच दिली.

कशी दिली ते सांगतो, म्हणजे माझ्या शहाणपणाची कल्पना येईल. बडनेऱ्याला रेल्वेचं काम चाललं होतं. खडीचे डोंगर, लोखंडी रूळ, टोपीवाला गोरा, आणि त्या सगळ्या मजुरांच्या जिवावर उगवलेली भज्यांची पालं. चाचांनी तीन पालं नुसती वासावर बाद केली आणि चौथ्यापुढे दमणी थांबवली. जवसाच्या तेलात तळलेली मिरचीची भजी. मी दोन्ही हातांनी खात सुटलो. वाटेत मीच बढाई मारत बाबांना लडीचं सांगून बसलो होतो. तेवढ्यात बाबा म्हणाले, “पाहू तं तुह्या मायचं सूत.” कमरेला खोचलेलं लडीचं फडकं काढायचं तर बोटांचं तेल सुताला लागणार. म्हणून मी सुताची काळजी घेतली, म्हणजे कोपराने कंबर पुढे केली आणि म्हणालो, “तुमीच घ्या बाबा, माहे हात तेलाचे हायेत.”

बाबांनी लडी काढली, उजेडात धरली, आणि त्यांचे डोळे भरून आले. हे मी खोटं सांगत नाही. त्यांना मायचा अभिमान होता, फक्त तो त्यांना घरी कधी आठवत नसे. ती लडी घेऊन ते तडक शेजारच्या कलालाकडे गेले.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कापसाच्या बाजारात माल नुसता पाहत नाहीत. गंजीपुढे गेलेला प्रत्येक माणूस मूठभर उपसतो, तार ओढून बघतो, आणि ती मूठ परत ठेवत नाही. ही वानगी. तिला कुणी नाही म्हणत नाही, म्हटलं तर मालात खोट आहे असं लोक धरतात. तेजीच्या दिवसांत ही सवय इतकी अंगात भिनली होती की सोयरीक पाहायला आलेले लोक लोडातला कापूस उपसून बघत.

कलालाने लडी पाहिली. “वा!” म्हणाला, आणि वीतभर धागा ओढून तोडून घेतला. त्याच्या मेहुण्यानेही घेतला. बाबा नाही कसं म्हणणार? मायच्या सुतात खोट आहे असं होईल ना! आणि वानगी घेतली तर वानगी द्यावी, म्हणून कलालाने पहिल्या धारेची मोहाची एक वाटी बाबांपुढे ठेवली. पैसे घेतले नाहीत.

बाबांच्या शास्त्रात त्या क्षणी मोठी भर पडली.

पुढे मूर्तिजापूरपर्यंत रस्त्यावर जेवढे कलाल होते तेवढ्यांना मायचं सूत पाहायला मिळालं. बाबा आत शिरत, लडी काढत, “माह्या घरच्या लक्ष्मीनं कातलं” म्हणत, लोक तारा ओढत, वाटी पुढे येई. प्रत्येक ठिकाणी बाबांचं भाषण लांबत गेलं आणि लडी आखूड होत गेली. चाचा बाहेर डाळवड्याची परीक्षा करत. एकदा त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि कळवळून म्हणाले, “अरे भाऊ, ये मलमल का सूत है. भाभी की चीज है, रख दे अंदर.” बाबा म्हणाले, “दाखोल्यानं काय कमी होते?” मी काय करत होतो? मी वडे खात होतो. मूर्तिजापूरचे वडे फार खुसखुशीत असत. एकदोनदा मनात आलं की उठावं आणि लडी काढून घ्यावी, पण बापाच्या हातातली वस्तू चारचौघांत ओढणं बरं दिसलं नसतं. भित्र्या माणसाला रीतभात नेहमी वेळेवर आठवते.

तिसऱ्या दिवशी दिवस बुडायच्या सुमारास अकोल्याला मोर्णेच्या काठी उतरलो. प्रदर्शन सकाळी. चाचा म्हणाले, इथले सुती कबाब खाल्ल्याशिवाय अकोला पाहिलं असं होत नाही, आणि आम्हाला त्या कबाबवाल्यापुढे बसवून ते नमाजाला गेले. सुती कबाबात खिमा सळईला धरून राहावा म्हणून वरून सूत गुंडाळतात, भाजून झालं की सूत सोडवून फेकून देतात. त्या दिवशी प्रदर्शनाची गर्दी, कबाबवाल्याचं रीळ संपत आलेलं, आणि जे उरलं होतं ते विस्तवावर तुटत होतं. खिमा निखाऱ्यात पडत होता.

बाबांनी तोपर्यंत अकोल्याचीही चाखली होती. ते उठले. “हे घे,” म्हणाले. “हे तुटनार नाई. वऱ्हाडात असं सूत नाई.”

आणि खरंच ते तुटलं नाही.

माझ्या मायचं सूत, रिद्धपूरच्या मुलीचं, जिने जन्मात मांसाकडे पाहिलं नाही तिचं, बकऱ्याच्या खिम्याभोवती गुंडाळलं गेलं, आणि चार लोक ‘वा, काय सूत आहे’ म्हणाले. मी तिथे होतो. मी शुद्धीत होतो. मी दोन कबाब खाल्ले. सोडवलेलं सूत कुत्र्यांनी चाटलं.

चाचा परत आले, त्यांनी पानाच्या द्रोणाशेजारी पडलेला तेलकट गुंता पाहिला, उचलला, माझ्या हातात दिला. बाबांना ते काही बोलले नाहीत. मला म्हणाले, “वो तो पिया था. तू क्या पिया था?”

सकाळी अजबखाना. आमचंच घर काचेत घालून आम्हालाच दाखवत होते: ज्वारी, अंबाडी, सूप, वखर. सकाळी जी भाकर खाऊन आले तिच्याच ज्वारीपुढे लोक तोंडात बोट घालून उभे. मोहाच्या दारूची एक बरणी होती, ती निम्मी झालेली, कारण आमचे लोक काचेपुढेसुद्धा वानगी सोडत नाहीत. बाबांनी बोट बुडवून चाखली. “दुसऱ्या धारेची हाय,” म्हणाले. “सायबाले फसोलं कोनीतरी.” सगळ्या प्रदर्शनात त्यांनी तेवढीच एक गोष्ट नीट पाहिली.

मेजामागे पुण्याकडचा कारकून होता. मी गुंता त्याच्यापुढे ठेवला.

“हे काय आहे?”

“सूत.”

त्याने ते लेखणीच्या टोकाने उलटवलं. “याला कसला वास येतो?”

 त्याला मागे रांग दिसत होती. त्याने एक चिठ्ठी लिहिली आणि गुंता काथ्या, चिंध्या नि गोणपाटाच्या तुकड्यांशेजारी ठेवला. वर काच होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘कागद करण्याजोगा टाकाऊ माल.’

परतताना बाबा खूश होते. “काचेत हाय ना? मंग! खोटं थोडंच बोलनार हावो.” घरी मायने विचारलं, मी म्हणालो, “काचेत ठेवलं.” तिने विचारलं, “सारी लडी?” मी म्हणालो, “हो.” ती त्या दिवशी गात होती. वर्षभर विहिरीवर, शेतात, हळदीकुंकवाला तिने कुणाला सांगायचं ठेवलं नाही. शेजारणींनी माळ्यावरून आपापले चरखे खाली काढले, तिच्याकडून धागा शिकून घेतला. मला ते पाहवत नसे, म्हणून मी अमरावतीलाच जास्त राहू लागलो.

मग अमेरिकेतली लढाई संपली. परतवाड्याकडचा नमस्कार फुकट गेला, भाव कोसळला, शेंब्या उतरल्या. बैलांना काहीच फरक पडला नाही. आणि आगगाडी सुरू झाली तशी माय म्हणाली, “मले अकोल्याले न्या. माहं सूत पाहाचं हाय.”

प्रदर्शन केव्हाच उठलं असेल, अशी माझी शेवटची आशा होती. पण उरलेल्या वस्तू कचेरीजवळच्या एका खोलीत तशाच मांडून ठेवल्या होत्या. बाबा दारापर्यंत आले, म्हणाले, “मी भजे पाहून येतो,” आणि गेले. चुकीच्या वेळी भूक लागण्याची कला त्यांच्याकडे होती.

माय एकेका काचेपुढून गेली. बारीक सुताच्या कपाटापुढे ती थांबली, नीट पाहिलं, मान हलवली, पुढे सरकली. मी म्हणणार होतो की हेच ते, पण तिला कोण फसवणार? कोपऱ्यात, काथ्याशेजारी, ती वाकली. 

“काय लिवलं हाय?”

“‘वऱ्हाडातलं उत्तम सूत,’” मी वाचलं.

तिने काथ्याकडे पाहिलं, चिंध्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तेल लागलं हाय याले,” ती म्हणाली. “हायद बी हाय. मसाला हाय.”  “तो पेते, हे मले ठावं होतं. म्हनून तं तुह्या हाती देल्लं होतं. तुनं काहून सोडलं?”

“माहे हात तेलाचे होते,” मी म्हणालो. एवढ्या वर्षांत दुसरं उत्तर मला सुचलेलं नाही.

ती बाहेर आली. बाबा द्रोण घेऊन उभे होते, मिरचीची गरम भजी. त्यांनी तो मायपुढे धरला. मायने घेतला, आणि माझ्या दोन्ही हातांत ठेवला.

“खाय बापू,” ती म्हणाली. “आता काई नाई तुह्या हाती.”

बाबा पाहत होते. मी खाल्ली.