बायकांच्या मनातलं ओळखणारे बिराजदार सर

गोष्टीत एखादी बाई आली की बिराजदार सर लिहिणं थांबवत आणि चपला अडकवून आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येत. "वहिनी, इथं बाई काय करील?" शेजारी लेखक, आणि तो आपल्याला विचारतो! मी तेव्हा तिशीतली, शाळेत मराठी शिकवणारी, स्वतःला फार शहाणी समजणारी. चहात आलं किसून घालायचे आणि जगातल्या समस्त बायकांच्या वतीनं उत्तर द्यायचे.

अशाच एका चहावर मी त्यांना केमची हकीकत सांगितली. माझ्या नवऱ्यानं मला न विचारता शाळेला कळवून टाकलं होतं, की ही नोकरी सोडतेय. लेकीला सासूबाईंपाशी ठेवून मी सोलापूर स्टेशनवर मिळेल त्या पॅसेंजरमध्ये बसले. केमला उतरले, फलाटावर भजी खाल्ली, आणि खाता खाता असा संताप आला की बस. घर माझंही आहे की, मी का जाऊ? उलट्या गाडीनं आले, कडाकडा भांडले, दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. "हे माझ्या पोटात राहील, वहिनी," सर म्हणाले.

ते दिवाळी अंकात बाहेर आलं. केम तेच, फलाट तोच. फक्त ती बाई कुणाचं तरी तान्हं रडताना ऐकून हमसाहमशी रडते आणि घरी येऊन नवऱ्याच्या पाया पडते. भजी गायब. स्त्रीमन जाणणारा लेखक म्हणून सरांना शाल-नारळ मिळाला. टाळ्या वाजवायला मी पुढच्या रांगेत. "आजी, टाळ्या कशाला?" आता हे ऐकताना माझी नात विचारते. कशाला म्हणजे? फोटोत यायची हौस, दुसरं काय.

नंतर सरांना गाठलं. ते समजुतीनं म्हणाले, "बाई रागानं परत येत नसते, वहिनी. वाचकाला पटायचं नाही."

"आणि मी आले ती?"

"तुमचं वेगळं."

चहा त्या दिवसापासून बंद.

गेल्या महिन्यात सर गेले. शोकसभेत तीच गोष्ट वाचली, लोकांनी डोळे पुसले. मी त्यांच्या बायकोला, महानंदाक्कांना, भेटायला घरी गेले. त्या हळूच म्हणाल्या, "बाई, केमची ती तुमीच न्हवं?"

"मीच. पण रडले नव्हते."

"ठावं हाय. मी टेंभुर्णीपातूर गेलते, एष्टीनं. मी बी चिडूनच परत आले. ह्यांना वाटलं, भनीकडं गेलती."

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत?"

अक्कांनी सरांच्या फोटोवरचा हार सरळ केला. "इचारायला ते तुमच्याकडं येत होते की."