जिवंत माणसाचा फोटो

आमची हैदराबादेतल्या आबिड्सची मसाल्यांची पेढी बंगळूरच्या कंपनीने विकत घेतली आणि माझ्या टेबलावर नवी पाटी आली, 'चेंज मॅनेजर'. काम काय, तर जुन्यांनी आणि नव्यांनी एकमेकांना कच्चं खाऊ नये एवढं बघायचं.

नव्यांचं सगळं तोंडावर आणि घाईत. आमच्याकडे चहा आणि घरची विचारपूस झाल्याशिवाय कामाचा शब्द निघत नसे. सगळ्यात जास्त धुमसत होते आमचे जुने सेल्समन, ज्यांना सगळे काका म्हणत. बेगम बाजारातले व्यापारी माल पेढीकडून नाही, काकांकडून घेत. ते गेले की गिऱ्हाईक गेलं, मागोमाग आम्ही जुनेही घरी. नव्या मॅनेजरबाईंनाही हे कळत होतं. पोरगी हुशार, पण दम म्हणून नाही.

काकांची कळी खुलावी म्हणून तिने त्यांना 'महिन्याचा मानकरी' केलं. मी दोन दिवस रजेवर होते. येऊन बघते तर काकांचा हसरा फोटो फ्रेम करून भिंतीवर, थेट आमच्या दिवंगत मालकांच्या शेजारी. मालकांच्या फोटोला चंदनाचा हार. त्या भिंतीवर आजवर जिवंत माणूस कोणी चढला नव्हता. मी कपाळावर हात मारला. काकांचा पत्ता नव्हता, फोनही बंद.

संध्याकाळी नल्लकुंट्याला त्यांच्या घरी गेले. दारात काकू उभ्या.

"माझं कुंकू धडधाकट आहे ना? मग ह्यांना भिंतीवर कशाला टांगलंत?"

आतून काका म्हणाले, "इशारा समजला मला. आमचं संपलं म्हणायचं ना? उद्या राजीनामा पाठवतो."

मला रडू आलं आणि त्या पोरीचा रागही. सकाळी तिला सगळं सांगितलं. ती 'अंधश्रद्धा' म्हणेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. तिने उठून काकांचा फोटो स्वतः उतरवला, स्वतःचा छापून त्याच फ्रेममध्ये घातला आणि त्याच खिळ्याला टांगला.

"काका के घर फोन लगाइए. बोलिए, पहला नंबर मेरा."

मी काकूंना फोन केला, तेव्हा काका आले, तेही भांडायच्या तयारीने. भिंतीकडे बघून थबकले. मग स्टूल ओढलं, चढले आणि तिचा फोटो खाली काढून बगलेत धरला.

"नक्को बेटा," काका म्हणाले. तोवर ते तिला मॅडमशिवाय हाक मारत नसत. "ऐसा नहीं करते. अभी तो तुमारी शादी भी नहीं हुई."

तिचे डोळे भरले होते. तिने चहा मागवला, कप त्यांच्यापुढे ठेवला आणि जरा चाचरतच विचारलं, "घर पे सब ठीक हैं, काका?"

"कायके ठीक? भोत नाराज हैं," काका म्हणाले. "शाम को आके तुमीच मनाओ."