अगदी असेच होते

दादांनी जन्मभर लोकांची डोकी सांभाळली आणि शेवटी स्वतःचंच ठिकाणावर राहीना. बायको गेल्यावर त्यांनी सलूनचं शटर ओढलं ते ओढलंच. गिऱ्हाइकं दाढ्या वाढवून वाट बघत बसली, पण दादा कात्रीला हात लावेनात. मग त्यांच्या धाकट्या बहिणीने, शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाईंनी, फर्मान काढलं, "दादा, बॅग भर. आपण परदेशात हिंडायचं, गावोगावची चित्रं बघायची. घरात भिंतींशी बोलत बसतोस ते बास झालं."

"मला चित्रातलं काय कळतंय गं?"

"मग भिंतीतलं तरी काय कळतंय?"

निघाले बापडे. पहिल्या संग्रहालयात धाकटी छाया-प्रकाश असलं काहीबाही समजावत होती आणि दादा एका सेनापतीसमोर कमरेवर हात ठेवून उभे. "याचा एक कल्ला वर, एक खाली! माझ्या दुकानात असं झालं असतं ना, तर गिऱ्हाइकाने उठून कानाखाली वाजवली असती." धाकटीला वाटलं, चला, माणूस माणसांत आला. कसला येतोय! दादा भलतंच काही शोधत होते.

त्याचं असं झालं होतं. आजारपणात बायकोचे केस गळायला लागले. उशीवर पुंजके दिसू लागले तेव्हा ती म्हणाली, "आता तुम्हीच काय ते करा. परक्याच्या हातात डोकं द्यायची नाही मी." एवढ्या वर्षांत दादांनी तिच्या केसांना कधी कात्री लावली नव्हती. त्या दिवशी दुकान बंद ठेवून तिला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, मशीन फिरवलं, वरून वस्तरा. ती आरशात बघून म्हणाली, "लागला एकदाचा माझा नंबर!" दोघंही हसले. हसू कुठलं, रडूच ते.

आता डोळे मिटले की दादांना तीच दिसायची, खुर्चीतली, बिनकेसांची. आधीची काही केल्या आठवेना. फोटो होते की, पण सगळ्यांत घट्ट अंबाडा, तोही मानेमागे दडलेला. दादांना ती सकाळची हवी होती, न्हाऊन खिडकीपाशी केस मोकळे सोडून उभी राहणारी. कुठल्यातरी चित्रात तसे केस भेटले तर त्यांच्याबरोबर तिचा चेहराही परत येईल, अशी वेडी आशा. तेवढ्यासाठी हा माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी परक्या गावांतले जिने चढत होता.

आणि भेटले की! पहिल्याच गावात, घागर भरणारी कुणी मोलकरीण. "हे बघ, हे! तुझ्या वहिनीचे अगदी असेच होते." धाकटीचे डोळे भरून आले. पुढच्या गावात नदीकाठी बसलेली एक बाई. "अगदी असेच!" या वेळी धाकटीने नुसती मान हलवली. दादांना वाटलं, पाय दुखत असतील.

शेवटच्या गावातल्या चित्रात एक बाई पाठमोरी बसली होती, कंबरेपर्यंत केस सोडून. दादा इतके जवळ गेले की पहारेकऱ्याने हटकलं. "असेच होते गं, अगदी असेच. थांब, आता येईल ती." त्यांनी डोळे मिटले. धाकटी शेजारी उभी. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. "येत नाही गं."

धाकटीला राहवलं नाही. "दादा, त्या मोलकरणीचे केस सरळसोट होते. नदीवालीचे कुरळे. ही तर चक्क लाल केसांची आहे. आणि तिन्ही ठिकाणी तू म्हणालास, अगदी असेच."

"केसांतलं मला शिकवतेस तू? मला?" दादा एवढ्याने ओरडले की दालनातली माणसं वळून बघायला लागली. मग त्यांनी पुन्हा चित्राकडे पाहिलं. गल्लीतल्या प्रत्येकाचं डोकं त्यांना तोंडपाठ होतं. कुणाचा भांग कुठे, कुणाला मागून विरळ होतंय, झोपेतही सांगितलं असतं. आणि घरातली ती खिडकीपाशी उभी असायची, तेव्हा हे चहा घशात ओतून दुकानाची किल्ली शोधत असायचे. बघितलं होतं कुणी?

दादा मटकन बाकावर बसले.

"तू तिला तेल लावून द्यायचीस ना," ते म्हणाले. "तू सांग. कसे होते?"

धाकटी शेजारी टेकली आणि हळूहळू सांगत गेली. काळेभोर. मऊ. फार लांब नाहीत, खांद्याच्या जरा खाली. ओले असले की टोकं वळायची, वाळले की सरळ व्हायचे. दादा मान हलवत ऐकत होते, कधी न भेटलेल्या माणसाबद्दल ऐकावं तसे.

"आणि डोक्यावर दोन भोवरे होते," ती म्हणाली.

"ते ठाऊक आहे मला," दादा म्हणाले. "वस्तरा फिरवताना दिसले."