साहेबांनी एका चाचणीवर दिलेला राजीनामा

स्कॉटलंडने ब्रिटनमधून वेगळं व्हावं की नाही, यावर तिथे सार्वमत झालं, त्या वर्षी मी दोह्यातल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होते. आमचे मुख्य उपसंपादक स्कॉटिश होते. पन्नाशी ओलांडलेले, उंच, उन्हात लाल होणारे. कतारमध्ये त्यांना चौदा वर्षं झाली होती. सगळे त्यांना साहेब म्हणत. तसं म्हणू नका, असं त्यांनी पहिली दोन वर्षं सांगितलं आणि मग सोडून दिलं.

साहेबांच्या टेबलामागे भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता: दोन सूत्रांनी दुजोरा दिल्याशिवाय बातमी नाही. त्या कागदाखाली बसून त्यांनी माझ्या कित्येक बातम्या परत पाठवल्या. माझं काही म्हणणं नाही, त्या परत पाठवण्यासारख्याच होत्या.

पानं लावायचं काम चाचा करत. चाचा रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगडकडचे. ते दोह्याच्या अल नस्र भागात राहत, माझ्या इमारतीपासून दोन गल्ल्या सोडून. माझ्याशी बोलताना गावची भाषा, साहेबांशी हिंदी-इंग्रजीची खिचडी. चाचांची भाची त्या वर्षी ग्लासगोला शिकत होती, आणि या योगायोगाने साहेबांना फार त्रास दिला. सार्वमताचा नियम असा होता की मत देणारा स्कॉटलंडमध्ये राहणारा हवा. तिथे राहणाऱ्या, राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांनाही मत होतं. म्हणजे मंडणगडच्या मुलीला मत होतं आणि ग्लासगोत जन्मलेल्या साहेबांना नव्हतं.

"हा न्याय आहे का?" साहेब विचारत.

"साहेब, माझं नाव गावच्या यादीत आहे," चाचा म्हणत. "मत द्यायचं तर विमानाचं तिकीट काढून जायला लागतं. तुमचं निदान तेवढं तरी वाचलं."

मत नसल्यामुळे साहेबांचा उत्साह कमी झाला असता तर गोष्ट वेगळी होती. ते 'हो'च्या बाजूचे होते आणि दोन वर्षं त्यांनी दोह्यात एकट्याने प्रचार केला. त्यांच्या पत्रकांपुढे चाचांची भाची हा एकच मतदार होता. पत्रकं चाचांच्या फोनवर येत, चाचा ती पुढे पाठवत, आणि भाचीचं उत्तर दर वेळी येई: ओके मामू.

मतदानाला दोन आठवडे असताना एका जनमत चाचणीत 'हो'ची बाजू किंचित पुढे निघाली. त्यानंतरच्या चाचण्यांत ती पुन्हा मागे गेली, पण त्या साहेबांनी आतल्या पानावर टाकल्या.

वर्तमानपत्रात अशा वेळी दोन पानं तयार ठेवतात, एक या निकालाचं, एक त्या. 'हो'चं पान साहेबांनी स्वतः केलं. त्यात इतिहास होता, नकाशा होता, समुद्रातल्या तेलावर एक चौकट होती आणि आठवडाभर घासलेला मथळा होता. 'नाही'चं पान त्यांनी मला दिलं. मी ते वीस मिनिटांत केलं. छापून आलं ते माझं.

मतदान गुरुवारी होतं. शुक्रवारी सकाळी आम्ही आपापल्या घरी नाश्ता करत होतो तेवढ्यात निकाल कळला. साधारण पंचावन्न विरुद्ध पंचेचाळीस, 'नाही'च्या बाजूने. दुपारी नमाज आटोपून चाचा आले, मी आले, साहेब आधीच आलेले होते. ते आपलं पान उघडून बसले होते. त्यातलं एक स्वल्पविरामचिन्ह त्यांनी आमच्यासमोर दुरुस्त केलं.

"तुझ्या भाचीनं कुणाला मत दिलं?" त्यांनी चाचांना विचारलं.

"'हो'ला, साहेब," चाचा म्हणाले.

साहेबांनी मान हलवली. मग पान बंद केलं आणि सांगितलं, "मी काल राजीनामा दिला."

चाचांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"देश स्वतंत्र व्हायचा होता, साहेब," ते म्हणाले. "तुम्ही का झालात?"

कारण त्यांनी सांगितलं. जिंकल्यावर परदेशातले सगळेच परत निघाले असते. साहेबांना सगळ्यांच्या आधी निघालेलं असायचं होतं. गुरुवारी दुपारी, तिकडे मतदान चालू असताना, त्यांनी मनुष्यबळ विभागात पत्र दिलं, कारण शुक्रवार-शनिवार त्या विभागाला सुट्टी असते आणि रविवारपर्यंत थांबलं तर बातमी शिळी झाली असती. तीस वर्षं दुसऱ्या वर्तमानपत्राच्या आधी छापायची सवय लागलेल्या माणसाने आपलं आयुष्यही तसंच छापलं. एका सूत्रावर. मी भिंतीवरच्या कागदाकडे पाहणार नाही असं ठरवलं होतं, पण पाहिलं.

"पाहू नकोस," साहेब म्हणाले.

त्याच दिवशी तिकडच्या 'हो'च्या नेत्यानेही राजीनामा जाहीर केला. ती बातमी माझ्याकडे आली. नेत्याने हरल्यावर राजीनामा दिला होता, साहेबांनी हरायच्या आधीच, त्यामुळे पहिला नंबर खरोखरच आमचा लागला.

आता प्रश्न बाईंचा होता. साहेबांची बायको इंग्लंडची, उत्तरेकडची. अल दुहैलमधल्या एका शाळेत शिकवायची, घरही तिथल्याच एका बंदिस्त वसाहतीत. तिचा इथला राहण्याचा परवाना साहेबांच्या नावावर होता. साहेबांची नोकरी गेली की परवाना गेला, परवाना गेला की शाळा गेली. दोन वर्षं जेवणाच्या टेबलावर सार्वमत ऐकून घेतलेल्या या बाईला राजीनाम्याचं साहेबांनी सांगितलं नव्हतं.

"का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"जिंकल्यावर सांगणार होतो. मोठी बातमी आधी, छोटी त्याच्या पोटात."

त्या संध्याकाळी अल नस्रच्या कोपऱ्यावर चाचा आणि मी करक, म्हणजे तिथला वेलचीचा दुधाळ चहा, घेत होतो. चाचा म्हणाले, "ताई, पोरीनं 'नाही'ला दिला मत. घरमालकीण म्हणाली म्हणून."

"मग साहेबांना खोटं का सांगितलंत?"

"माणसाचा आधीच पंचावन्न टक्के गेला होता. अजून एक कशाला?"

रविवारी सकाळी साहेब मनुष्यबळ विभागात गेले. तिथला अधिकारी भला माणूस होता. त्याने हात झटकून दाखवले. खलास, पत्र मंदूबकडे गेलं. मंदूब म्हणजे कंपनीची कागदपत्रं घेऊन सरकारी खिडक्या फिरणारा माणूस, आणि एरवी त्याला एक कागद हलवायला पंधरा दिवस लागत. पत्र परत घेण्याचा अधिकार फक्त महाव्यवस्थापकांना होता. ते परदेशी गेले होते. बुधवारी येतील, इन्शाल्ला.

साहेबांनी बुधवारसाठी अर्ज लिहायला घेतला. सोमवारी त्यांनी तो माझ्याकडे तपासायला दिला. तीन पानं होती. पहिल्या पानावर दोन राज्यांचं एकत्रीकरण कसं झालं ते होतं. दुसऱ्यावर तेल. तिसऱ्याच्या शेवटी, राजीनामा मागे घेऊ इच्छितो.

मी तो एका ओळीवर आणला.

"पार्श्वभूमी गेली," साहेब म्हणाले.

"पार्श्वभूमी शेवटी ठेवा आणि जागा नसेल तर कापा, असं तुम्हीच सांगता."

"जागा आहे. अख्खं पान आहे."

"महाव्यवस्थापकांना तेवढा वेळ नसतो."

त्यांनी एक ओळ ठेवली. त्यातला 'इच्छितो' त्यांनी आणखी एकदा बदलून पाहिला.

दरम्यान तिकडून येणाऱ्या बातम्या विचित्र होत्या. हरलेल्या पक्षाचं सदस्य व्हायला लोक रांगा लावत होते. एका आठवड्याच्या आत पक्षाची सदस्यसंख्या दुपटीच्या वर गेली. चाचांचा यावर विश्वास बसेना.

"आमच्या तालुक्यात हरल्यावर पक्षाच्या कचेरीला कुलूप लागतं," ते साहेबांना म्हणाले. "तुमच्याकडे रांग लागते?"

साहेबांनी आपल्या संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर सदस्यत्वाचा अर्ज होता, भरलेला.

"वा," चाचा म्हणाले. "नोकरीतून बाहेर, पक्षात आत."

बुधवारी महाव्यवस्थापक आले. साहेब ती एक ओळ घेऊन आत गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. राजीनामा मागे घेतला गेला होता. तरी त्यांचा चेहरा ठीक नव्हता. त्यांच्या हातात दोन पासपोर्ट होते.

या वेळी मंदूबने काम वेळेवर केलं होतं. रद्द करायच्या परवान्यांसाठी पासपोर्ट लागतात. साहेबांचा कार्यालयातच होता. दुसरा बाईंचा, त्यासाठी त्याने रविवारी दुपारी अल दुहैलच्या शाळेत फोन केला होता. सोमवारी बाईंनी काही न विचारता पासपोर्ट काढून त्याच्या हातात दिला होता. म्हणजे रविवारी रात्रीपासून आज सकाळपर्यंत दोघं एकाच टेबलावर जेवली होती, एकाला वाटत होतं दुसरीला माहीत नाही, आणि दुसरीला सगळं माहीत होतं.

"ती गेल्या तीन दिवसांत काय बोलली?" मी विचारलं.

साहेबांनी आठवलं. "मीठ दे म्हणाली."

घरी काय झालं ते बाईंनीच मला पुढे सांगितलं. साहेबांनी पासपोर्ट टेबलावर ठेवला. ती म्हणाली, "तू काही बोलला नाहीस, म्हणून मला वाटलं, तुला निकाल अजून कळला नसेल." मग म्हणाली की या घरात दोन मतं आहेत आणि गुरुवारी त्यातलं एकच मोजलं गेलं. यापुढे परत जायचं की राहायचं ते मतदानाने ठरेल. वर्षातून एकदा. गुप्त. बरोबरी झाली तर आहे तेच चालू राहील.

गुप्त मतदानाला मतमोजणी करणारा माणूस लागतो. चाचांनी स्वतःहून सांगितलं की ते एका निवडणुकीत मंडणगडच्या मतदान केंद्रावर पाणी द्यायला होते. एवढा अनुभव दोह्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. मी निरीक्षक झाले.

पुढे दर सप्टेंबरात एका शुक्रवारी आम्हाला अल दुहैलला जेवायला बोलावणं येई. जेवण झाल्यावर बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला जाई. साहेब आणि बाई एकेक करून स्वयंपाकघरात जाऊन चिठ्ठी लिहून आणत. चाचा डबा हलवत, उघडत, चिठ्ठ्या वाचत. एक, जायचं. एक, राहायचं. चाचा निकाल जाहीर करत आणि बाई चहा टाकत. चिठ्ठी कुणाची कुठली हे गुप्त होतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

मध्ये ब्रिटन युरोपीय महासंघातून बाहेर पडलं. स्कॉटलंडचा कौल राहण्याकडे होता, तरी त्यालाही जावं लागलं. साहेबांना खात्री वाटू लागली की आता दुसरं सार्वमत होणार. पुढच्या वर्षी, इन्शाल्ला. ते इन्शाल्ला आता आमच्यासारखंच म्हणत, म्हणजे होईलच अशा अर्थाने नव्हे.

फुटबॉलचा विश्वचषक दोह्यात आला, त्या वर्षी सप्टेंबरातलं मतदान राहून गेलं. शहरात रस्ते बंद, कामं दुप्पट. नोव्हेंबरात, सामने सुरू होऊन तीनच दिवस झाले होते, तेव्हा लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिथल्या संसदेच्या संमतीशिवाय स्कॉटलंडला दुसरं सार्वमत घेता येणार नाही. आमच्या कार्यालयात त्या दिवशी फुटबॉलशिवाय काही नव्हतं. ती बातमी साहेबांनी स्वतः केली. चार ओळी, आतल्या पानावर. पार्श्वभूमी त्यांनीच कापली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या यंत्रापाशी ते मला म्हणाले, "आता जाऊन तरी काय करायचं? तिथे गेलो असतो तो मत द्यायला."

मी निरीक्षक होते, त्यामुळे मत व्यक्त केलं नाही. पण चाचांना सांगितलं. चाचांनी हिशेब केला. साहेब पहिल्यांदाच 'राहायचं' लिहिणार आणि बाई तर लिहितातच. "म्हणजे या वर्षी बरोबरी नाय. साहेब इथेच कायमचे. आणि माझा हा मोजणीचा काम संपला."

त्या शुक्रवारी मतदान झालं. बाहेर कुठल्यातरी सामन्याचा गलका चालू होता. साहेब स्वयंपाकघरात गेले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. बाई गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. चाचांनी डबा हलवला, पहिली चिठ्ठी उघडली.

"जायचं," त्यांनी वाचलं.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. ही चिठ्ठी आपली आहे हे त्यांना माहीत होतं, आणि बाईंची दर वर्षीसारखी 'राहायचं' निघून बरोबरी होणार हे त्यांनी धरलं होतं. बाई टेबलक्लॉथवरचे कण गोळा करत होत्या.

चाचांनी दुसरी चिठ्ठी उघडली. वाचायच्या आधी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"जायचं."

बाईंनी कण ताटलीत टाकले. "आठ वर्षं तू हरतोयस," त्या म्हणाल्या. "तिथे पावसात नीट हरता येईल."

साहेब चाचांना म्हणाले, "फेरमोजणी करा."

"साहेब, दोनच आहेत."

"एकदा मोजून चालत नाही. नियम आहे."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी निरीक्षक म्हणून मान हलवली. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या घडी घालून परत डब्यात टाकल्या, झाकण लावलं, डबा हलवला, आणि एक-एक करून पुन्हा बाहेर काढल्या. निकाल तोच होता.